लोडाची खालची बाजू

शालन पिसेचं गणित नेहमी एकाच जागी अडायचं. जी वस्तू जमिनीवर टेकते, तिची खालची बाजू ती मोजायची नाही.

चेंडूचं गणित तिला बरोबर यायचं. लोडासारखी आडवी वृत्तचिती असली तरी यायचं. पण चेंडू मधोमध कापला, किंवा लोड लांबीत चिरून त्याची अर्धी फाक सतरंजीवर ठेवली, की शालनचं उत्तर पुस्तकातल्या उत्तरापेक्षा कमी भरायचं. नेमकं तेवढंच कमी, जेवढी सतरंजीला टेकलेली बाजू.

ही गोष्ट १९९६ची, बंगळुरातल्या गवीपुरम भागातली. शालन तेव्हा चौतिशीची होती. बसवनगुडीच्या अंगाला एका ट्रस्टचं महिलांचं शिवण केंद्र होतं, तिथे ती मदतनीस म्हणून जायची. मदतनीस म्हणजे मशिनला तेल घालायचं, बॉबिन भरून द्यायचे, मुलींनी उलटी लावलेली कॉलर उसवून परत लावून दाखवायची. शिकवायची निदेशिका. काही वर्षांत तीन निदेशिका आल्या आणि लग्न होऊन किंवा नवऱ्याच्या बदलीमुळे गेल्या. तिसरी गेल्यावर नवी येईपर्यंतचा वर्ग शालननेच चालवला. केंद्राच्या प्रमुख प्रेमा मॅडमना तिचं काम पसंत होतं. त्यांनी ट्रस्टकडे तिचं नाव टाकलं. ट्रस्टने हो म्हटलं, पण दहावी पास हवी, अशी अट घातली.

शालन निपाणीची. शिंप्याच्या घरातली, मराठी शाळेत नववीपर्यंत शिकलेली. नववीच्या सुट्टीत लग्न ठरलं आणि दयानंद पिसेबरोबर ती बंगळूरला आली. दयानंद यशवंतपूरला लॉरींच्या सीटना रेक्झीन चढवायच्या दुकानात कामाला होता, अजूनही आहे. निपाणीच्या शाळेत कन्नड एक विषय म्हणून होतं, त्यामुळे अक्षरं ओळखीची होती. शब्द मात्र तिने इथे गोळा केले, भाजीवाल्याकडून, शेजारणींकडून, बसच्या कंडक्टरकडून. बाहेरून परीक्षेला बसायचं ठरल्यावर तिने माध्यम कन्नड घेतलं. पुढे वर्ग कन्नडमध्येच घ्यायचा होता, मग पेपर वेगळ्या भाषेत कशाला, असा तिचा हिशेब.

एप्रिलमध्ये ती सगळ्या विषयांत पास झाली आणि गणितात नापास.

प्रेमा मॅडमनी तिला ऑफिसात बोलावलं. "ऑक्टोबरला परत बस. डिसेंबरपर्यंत मी जागा धरून ठेवते. त्यापुढे धरली तर म्हणतील, माझ्या भाचीसाठी धरली."

"तुम्हाला भाची आहे, मॅडम?"

"तीन आहेत. एकीलाही सुई ओवता येत नाही."

म्हणजे डिसेंबर ही शेवटची कड होती. त्यानंतर नवी निदेशिका येणार, आणि शालन पुन्हा तिच्या हाताखाली बॉबिन भरणार. तिला या कामाची लाज कधी वाटली नव्हती. पण स्वतःचा वर्ग काही महिने घेतल्यावर तिला ती चव लागली होती. तिने आखून दिलेल्या बाहीत पहिल्यांदा मशिनवर बसलेल्या मुलीचाही हात सरळ जायचा. ते सोडून मागे यायचं तिच्या जिवावर आलं होतं.

गणितासाठी ती भाग्यलक्ष्मीबाईंच्या वर्गाला जाऊ लागली. बाई एका मुलींच्या हायस्कुलातून निवृत्त झालेल्या. मराठी समाजाच्या सभागृहात संध्याकाळी त्या मोठ्या बायकांना दहावीचं गणित शिकवत. फी नव्हती, पण उशीर झाला तर बोलणी खावी लागत. बाईंचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आलं आणि इथलंच झालं. घरात मराठी टिकली ती घरापुरती. बाईंच्या मराठीत स्वयंपाक होता, सणवार होते, रागावणं होतं, पण गणित नव्हतं. गणित त्या कन्नडमध्ये शिकल्या आणि कन्नडमध्येच शिकवत आल्या. वर्गात शालनशी बोलताना मधेच मराठीवर येत, पण ते छत्री विसरू नकोस एवढं सांगण्यापुरतं.

पृष्ठफळाला कन्नडमध्ये 'मेल्मै' म्हणतात. कुठल्याही भरीव वस्तूच्या सगळ्या बाजूंचं मिळून जे क्षेत्र होतं, ते 'पूर्ण मेल्मै'. मधोमध कापलेल्या आकारांचा धडा निघाला आणि शालनची अडचण वर्गासमोर आली. त्रिज्या सात, लांबी वीस, अशी अर्धी वृत्तचिती होती. शालनचं उत्तर आलं ५९४. पुस्तकात होतं ८७४.

"दोनशे ऐंशी कुठे टाकून आलीस?" बाईंनी विचारलं. "गांधीबाजारात?"

वर्ग हसला. शालनने वही पाहिली. वरची कमान धरली होती, दोन्ही टोकांची अर्धवर्तुळं धरली होती.

"खालचं राहिलं, अक्का."

"मग धर की ते. सपाट बाजू. चौदा गुणिले वीस."

तिने धरलं, ८७४ आलं. पुढच्या गणितात तिने ती बाजू पुन्हा सोडली. अर्धगोलाच्या गणितातही कापलेली बाजू सोडली, शंकूचा तळ सोडला. बाई दर वेळी दाखवत, शालन दर वेळी मान डोलवत असे, आणि पुढचं गणित पुन्हा तसंच. बाईंनी आयुष्यभर मुली शिकवल्या होत्या. काय चुकतंय ते त्यांना लगेच दिसत होतं, पण का चुकतंय ते कळत नव्हतं. विसरभोळी म्हणावं तर बाकी कुठे ती विसरत नव्हती. उलट सगळ्या वर्गात तिचे गुणाकार चोख.

शालनच्या बाजूने पाहिलं तर तीही गोंधळली होती. तिची समजूत अशी झाली होती की काही गणितांत खालची बाजू धरायची असते, काहींत नसते, आणि कुठे काय ते ठरवण्याचा एखादा नियम आहे जो सगळ्यांना माहीत आहे आणि तिला नाही. विचारायची लाज वाटत होती.

सप्टेंबरात तिने वर्गाला जाणं सोडलं. दयानंदला तिने सांगितलं, "माझं डोकं ह्या मेल्मैचं न्हाई."

"मग कशाचं आहे?"

"असंल कशाचं तरी."

"बरं झालं सांगितलंस. इतकी वर्षं मी विचार करत होतो," दयानंद म्हणाला. पण संध्याकाळचा भात तोच लावत होता, आणि तिने वर्ग सोडल्यावरही त्याने ते काम परत तिच्या गळ्यात घातलं नाही. "परीक्षेपर्यंत माझ्याकडे आहे ना ते," एवढंच म्हणाला.

दोन वर्ग चुकल्यावर रविवारी दुपारी भाग्यलक्ष्मीबाई पत्ता विचारत तिच्या घरी आल्या. बाईंचे गुडघे तेव्हाही दुखतच होते, आणि पिसेंची खोली वरच्या मजल्यावर. दारात पोचल्यावर आधी त्या जिन्याला बोलल्या, मग शालनला.

खोलीत बसायला जागा नव्हती. मुलांना व्यायाम शिकवणाऱ्या एका केंद्राकडून दयानंदला लोडांचं काम मिळालं होतं. हातापायांत ताकद नसलेल्या मुलांना आधार देऊन बसवायला, पोटाखाली ठेवायला अर्धे लोड लागतात. वरून कमानीसारखे, खाली सपाट, म्हणजे मूल टेकलं तरी लोड गडगडत नाही. तो कापलेला फोम घरी आणायचा आणि सुट्टीच्या दिवशी दोघं मिळून खोळी चढवायचे. निळ्या रेक्झीनचे तयार लोड भिंतीशी रचलेले होते.

"स्वल्प बाजूला करा, बाई बसतील," शालन म्हणाली.

"कशाला? ह्यावरच बसते," बाई म्हणाल्या आणि एका लोडावर बसल्या. "कॉफी बेडा, नको. वर्गाला का येत नाहीस ते सांग."

उत्तर दयानंदने दिलं. "ती म्हणते डोकं न्हाई."

"डोकं नसतं तर दोनशे ऐंशीच कमी कसं आलं असतं? कधी तीनशे आलं असतं, कधी शंभर." बाईंनी शेजारचा लोड उचलून मांडीवर घेतला आणि सहज उलटा केला. खाली रेक्झीन नव्हतं. जाड, मातकट रंगाचं कॅनव्हास होतं.

"हे असं का? खाली वेगळं कापड?"

"खालचं आहे ते," शालन म्हणाली. "ते कोण बघतंय? जमिनीवरच असतंय."

"लॉरीच्या सीटलाही तसंच असतं," दयानंद म्हणाला. "वर रेक्झीन, खाली किंतान. खाली रेक्झीन घातलं तर मालक मलाच सोलून सीटवर चढवेल."

बाईंनी लोड सरळ केला आणि शालनसमोर धरला. "आता तोंडाने नको सांगू. ह्याचं पूर्ण मेल्मै मला हाताने दाखव. कुठून कुठे ते."

शालनने कमानीवरून हात फिरवला, या काठापासून त्या काठापर्यंत. मग एका टोकाच्या अर्धवर्तुळावर तळवा ठेवला, मग दुसऱ्या. आणि हात मागे घेतला.

"झालं?"

"झालं."

"आणि खालचं?"

"ते मेल्मै कसं असंल, अक्का?" शालन म्हणाली. वर्गात कधीच न विचारलेला प्रश्न घरात, स्वतःच्या कामाच्या ढिगाऱ्यात बसल्यावर तिच्या तोंडून निघाला. "मेले म्हणजे वर. कंडक्टर ओरडतोय की रोज, मेले हत्ती, मेले हत्ती, वर चढा म्हणून. मै म्हणजे अंग. म्हणजे वरचं अंग. पूर्ण मेल्मै म्हणजे वरचं अंग सगळं. खालचं त्यात कसं धरायचं? तुम्ही धर म्हणालात की धरत होते. पण का धरायचं ते कळत न्हवतं."

"बरोबरच बोलते की ती," दयानंद म्हणाला.

मेल् आणि मै हे त्या शब्दाचे दोन तुकडे आहेत हे बाईंना ठाऊक होतं, जसं आपल्या नावाचा अर्थ आपल्याला ठाऊक असतो आणि हाक ऐकताना आठवत नाही. ज्याने भाषा लहानपणापासून ऐकली तो 'मेल्मै' हा एक शब्द ऐकतो. शालनने ती कंडक्टरकडून आणि भाजीवाल्याकडून तुकड्यातुकड्याने गोळा केली होती, म्हणून तिला दोन ऐकू आले. त्यात हाताचं कामही त्याच समजुतीला धरून निघालं. रोज जी बाजू हलक्या कापडात घालवायची, ती गणितात धरायची कशाला?

"निपाणीच्या शाळेत ह्याला काय म्हणत?" बाईंनी विचारलं.

"कशाला?"

"ह्या मेल्मैला. मराठीत काय म्हणतात? मला नाही माहीत."

"पृष्ठफळ."

बाईंनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. त्यांच्या तोंडी तो नवीन होता. "पृष्ठ म्हणजे?"

"पाठ," शालन म्हणाली, आणि थांबली. "शाळेत घनाची सहाच्या सहा अंगं धरायचो. तेव्हा कुणी वरचं-खालचं म्हणलंच न्हाई."

"बघ. मराठीने पाठ सांगितली, कन्नडने वरचं अंग सांगितलं. दोघींनी अर्धं अर्धं सांगितलं. आता ऐक. हा लोड उचलला आणि पाण्याच्या हौदात बुडवला. कुठे कुठे भिजेल?"

"बुडवू नका ओ," दयानंद म्हणाला. "फोम वाळायला आठवडा जाईल."

"तुम्ही गप्प बसा, मी काय खरंच बुडवते आहे? सांग, शालन."

"सगळीकडून भिजंल."

"खालून?"

"खालून बी."

"जेवढं भिजतं तेवढं पूर्ण मेल्मै. कापड कुठलं लावलं, जमिनीवर काय टेकलं, त्याच्याशी त्याला काही नाही. आता अर्धं लिंबू सांग."

"साल भिजंल," शालन म्हणाली. "आणि कापलेलं तोंड बी भिजंल."

"शंकू?"

"तळ बी."

"सरी, बरोबर," बाई म्हणाल्या. "आता कॉफी कर."

त्या दुपारी शालनने मागची सगळी गणितं काढून पुन्हा केली. ओणवी होऊन, लोडाचंच टेबल करून. बाई लोडावर पाय लांब करून बसल्या होत्या. गुडघ्याखाली एक अर्धा लोड आपसूक आला होता आणि तिथे तो बरा वाटतो, असं त्या बोलून गेल्या. दयानंदने पुढच्या खोळीची शिवण घातली. दुपारभर गणिताविषयी तो एकदाच बोलला. खालची बाजू धरल्यावर एक उत्तर पुस्तकाशी जुळलं तेव्हा त्याने विचारलं, "म्हणजे आता मी रेक्झीनही जास्त आणायचं का?"

पुढच्या आठवड्यात बाईंनी सगळ्या वर्गाकडूनच ती गोष्ट घोटून घेतली. आकार कुठलाही काढला की बायकांनी एकसुरात म्हणायचं: खाली बघा. शालन सगळ्यांत मोठ्याने म्हणायची.

ऑक्टोबरच्या परीक्षेत त्या धड्यावरचं एकच गणित आलं, पण त्याला गुण चांगले होते. मैदानावर एक तंबू उभारायचा आहे, आकार अर्ध्या वृत्तचितीचा, दोन्ही टोकं बंद, तर कापड किती लागेल.

परीक्षेच्या शाळेबाहेर बाई येऊन बसल्या होत्या. वर्गातल्या आणखीही बायका पेपरला होत्या, पण बाई शालनसाठी आल्या होत्या हे सगळ्यांना कळत होतं. शालनने प्रश्नपत्रिका त्यांच्या हातात दिली. बाईंनी तंबूच्या गणितावर बोट ठेवलं.

"खालचं धरलंस?"

"धरलं."

बाईंचा चेहरा उतरला. धरायचं नव्हतं. आणि धरायला त्यांनीच शिकवलं होतं, आठवडाभर, एकसुरात.

"मग खोडलं," शालन म्हणाली.

"का खोडलंस?"

"परत वाचलं. प्रश्नात मेल्मै न्हाईच, अक्का. कापड किती लागंल असं आहे. तंबूत माणसं जमिनीवर बसत्यात. खाली कापड घालायचं असं कुठं लिहिलंय? मेल्मै विचारलं असतं तर धरलं असतं."

बाईंनी प्रश्न पुन्हा वाचला, सावकाश, ओळीवर बोट फिरवत.

"सरी," त्या म्हणाल्या. मग काही वेळाने, "पुढच्या वर्गात मला हे सांगावं लागेल. मी फक्त खाली बघायला सांगत होते. प्रश्न बघायला पण सांगायला हवं होतं."

"ते तुम्ही पहिल्या दिवशीच सांगितलं होतं."

"सांगितलं होतं? मग बरं."

निकाल लागला तेव्हा शालन गणितात पास होती. गुण मिरवण्यासारखे नव्हते, पण ट्रस्टच्या अटीत गुणांचा उल्लेख नव्हता. प्रेमा मॅडमनी जागा शब्द दिल्याप्रमाणे रिकामी ठेवली होती. मधल्या काळात दोघीजणी विचारायला येऊन गेल्या होत्या, हे त्यांनी शालनला निकाल लागेपर्यंत सांगितलं नाही. "आधी सांगितलं असतं तर तुझी झोप गेली असती आणि माझी निदेशिका," असं त्यांचं म्हणणं. डिसेंबर सरायच्या आत शालनला नेमणुकीचा कागद मिळाला. मुलींनी आता तिला मिस म्हणावं असं प्रेमा मॅडमनी वर्गात जाहीर केलं. मुली अजूनही अक्काच म्हणतात.

शालनला विचारलं की हे कसं झालं, तर ती स्वतःविषयी फार थोडं बोलते. मॅडमनी जागा धरली, ह्यांनी भात लावला, अक्का जिना चढून आल्या, असं ती सांगते. तिसऱ्या गोष्टीपाशी ती जरा थांबते. त्या जिन्याला कठडा नाही आणि पायऱ्या उंच आहेत, हे ऐकणाऱ्याला माहीत असावं असं तिला वाटतं.

जानेवारीत संक्रांत आली. संक्रांतीला इथल्या बायका तीळ, गूळ, खोबरं आणि शेंगदाण्याचं एळ्ळु-बेल्ला घेऊन घरोघर जातात. शालन आणि दयानंद संध्याकाळी बसवनगुडीत बाईंच्या घरी गेले. शालनच्या हातात एळ्ळु-बेल्लाची वाटी होती आणि दयानंदच्या काखेत एक अर्धा लोड, बाईंच्या गुडघ्यांच्या मापाचा. त्यावर रेक्झीन नव्हतं. शालनने माहेरून आलेला चोळीचा खण त्यासाठी काढला होता, गर्द जांभळा, लाल काठाचा. कमानीवर काठ मधोमध आणला होता आणि दोन्ही टोकांना अर्धवर्तुळात बारीक पाइपिंग घातलं होतं.

बाईंनी लोड मांडीवर घेतला, काठावरून बोट फिरवलं, पाइपिंग पाहिलं. मग उलटा केला. खालीही तोच खण होता, काठासकट.

"अय्यो," बाई म्हणाल्या. "हे काय केलंस? ही बाजू कोण बघणार? वाया घातलंस ना."

"मी पण हेच म्हणालो," दयानंद म्हणाला. "म्हटलं, आपल्याकडे कॅनव्हास पडलंय. ऐकेल तर ना."

शालनने एळ्ळु-बेल्लाची वाटी पुढे केली.

"पूर्ण मेल्मै, अक्का," ती म्हणाली.